पितळीचं तेल

नगरजवळच्या केडगावात पुणे रस्त्याच्या कडेला माझ्या मामांचं गॅरेज आहे. मामा गेले, गॅरेज मामेभाऊ चालवतो. आतल्या भिंतीवर रेणुकामातेच्या तसबिरीखाली एका खिळ्याला वीतभर लांबीचा लोखंडी दांडा टांगलेला आहे. त्याच्या खालच्या टोकाला आटे आहेत आणि आट्यांतच तो तुटलेला आहे. तो माझ्यामुळे तुटला, त्याला आता पन्नास वर्षं झाली.

मे महिना लागला की मी पुण्याहून एसटीनं केडगावला यायचो. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला याच नगर-पुणे रस्त्यावर धावली. ती बेडफोर्ड होती, म्हणजे विलायतेचीच. मामा तेव्हा पोरसवदा होते. रस्त्याच्या कडेला उभं राहून तिच्या इंजिनाचा आवाज ऐकला, असं ते सांगायचे. ती दिसायला कशी होती हे मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही, आवाजच सांगितला. माणूस पुढे कोण होणार, ते त्यात आलंच.

गॅरेजात येणाऱ्या गाड्यांची नावं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजता यायची. अँबॅसडर, फियाट, लष्कराच्या लिलावातून आलेल्या जीपा, आणि नगरमधल्या एका डॉक्टरांची फिकट निळी स्टँडर्ड हेराल्ड. इंग्लंडातल्या ट्रायम्फ कंपनीची ही गाडी १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनी बनवायची. बॉडी इटलीच्या मिकेलॉटीनं आखलेली, इंजिन ९४८ सीसीचं. बारीक खांबांच्या मोठ्या काचा, मागे लहानशी शेपटी. तिच्याशेजारी अँबॅसडर उभी केली की लग्नाच्या मांडवात मावशीशेजारी करवली उभी राहिल्यासारखं दिसायचं.

पण मामांचा जीव तिच्या रूपावर नव्हता, बॉनेटवर होता. इतर गाड्यांचं फक्त झाकण उचलतं. हेराल्डचे दोन्ही मडगार्ड, दिवे, नाक, सगळं एका तुकड्यात पुढे कलतं आणि इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाकं अशी सगळी उघडी पडतात. मामा डाव्या चाकावर बसायचे, मी उजव्या चाकावर, मध्ये इंजिन. पाठ वाकवायला नको, गाडीखाली सरपटायला नको. पाट मांडून जेवायला बसावं तसं आम्ही त्या इंजिनाशी बसायचो.

ही सोय अडचणीतून आलेली होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ट्रायम्फला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीनं विकत घेतला. अख्खी बॉडी एकसंध करून देणारं कोणी उरलं नाही, म्हणून ट्रायम्फनं जुन्या पद्धतीची वेगळी चासी धरली आणि निरनिराळ्या ठिकाणी केलेले बॉडीचे तुकडे तिच्यावर बोल्टांनी जोडले. त्यामुळेच ही गाडी सुटी करून जहाजानं मद्रासला आणता आली. त्यामुळेच केडगावातला फिटर तिचा मडगार्ड पान्यानं सोडवू शकत होता. त्याच चासीचा व्हीलबेस साडेआठ इंचांनी कमी करून ट्रायम्फनं १९६२ मध्ये दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार काढली, तिचं नाव स्पिटफायर. इंजिन त्याच घराण्याचं, पण ११४७ सीसीचं आणि दोन कार्ब्युरेटरांचं. पुढची चाकं धरणारे दांडे तेच, पुढे कलणारं बॉनेटही तसंच. अँबॅसडरच्या १४८९ सीसीच्या इंजिनाचंही असंच. विलायतेत ते एमजीए या देखण्या स्पोर्ट्स कारमध्ये बसायचं. म्हणजे एमजी किंवा स्पिटफायर डोळ्यांनी न पाहता मामांनी आयुष्यभर त्यांचीच इंजिनं उघडली. स्टँडवरच्या टॅक्सीचं हेड उतरवणारा माणूस ऑक्सफर्डशेजारच्या अॅबिंग्डन गावातल्या एमजीच्या फिटरइतकाच तयार होता, असं मी आज ठामपणे म्हणतो.

आणि नगर हे काही या नात्यांना परकं गाव नाही. रणगाड्यांची शाळा इथेच. १९६५ च्या युद्धात लढलेल्या सेंच्युरियन रणगाड्यात रोल्स रॉइसचं मिटिऑर इंजिन होतं. ते मर्लिनवरून केलेलं, आणि मर्लिन म्हणजे खऱ्या स्पिटफायर विमानाचं इंजिन. १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन आजही उभा आहे. मामांना ज्यानं काम शिकवलं तो मिस्त्री लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त झालेला होता. पाना हातात घेण्याआधी हात पुसायचा, ही त्याची शिस्त. मामांनी ती आम्हाला लावली.

तेव्हाचं काम कानांनी चालायचं. गाडी फाटकातून आत येईपर्यंत मामांनी निदान केलेलं असायचं. ‘तीन नंबर मिस मारतोय’ म्हणाले की तिसऱ्याच प्लगचं टोक काळं निघायचं. डिस्ट्रिब्यूटर लुकासचा असला तरी त्याला सगळे मिस्त्री ‘डेल्को’च म्हणायचे. त्याचं झाकण काढून पॉइंट पॉलिशपेपरनं घासायचे आणि फिलर गेज घालून फट पंधरा थाऊ, म्हणजे पंधरा हजारांश इंच, करायची. टॅपेट दहा थाऊ, इंजिन थंड असताना. घाटात कुठे गाडी अडली आणि गेज जवळ नसलं, तर मामा खिशातलं पोस्टकार्ड टॅपेटखाली सारायचे, कारण कार्डाची जाडी जवळपास तेवढीच भरते. व्हॉल्व्ह घासायचं काम माझ्याकडे असायचं. लाकडी दांडीला रबरी वाटी, ती व्हॉल्व्हला चिकटवायची आणि दोन तळहातांमध्ये रवी घुसळावी तशी फिरवायची. खालून खरखर यायची. ती बारीक होत होत नाहीशी झाली की व्हॉल्व्ह बसला. दुपारभर एक व्हॉल्व्ह. हाताला जो वास लागायचा तो रात्री जेवतानाही यायचा आणि मला तो आवडायचा.

भाग मात्र मिळत नसत. मद्रासला पत्र टाकायचं आणि वाट पाहायची, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात शोधायचं. त्यातून सुटका केली नगरच्या लेथवाल्यांनी. १९७२ मध्ये लूना मोपेड निघाली. ती बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखाना दौंड रस्त्यावर, केडगावापासून जवळच. त्याच्या आधारानं लहान वर्कशॉप उभी राहिली. मामा झिजलेला बुश खिशात घालून सायकलवरून जायचे आणि संध्याकाळी नवा, अजून गरम असलेला बुश घेऊन यायचे. तो मापात बसला की दोन बोटांनी त्यावर टिचकी मारायचे. लेथवाल्याला शाबासकी द्यायची ती त्यांची रीत.

आता त्या दांड्याकडे येतो. हेराल्डचं पुढचं चाक ज्या उभ्या दांड्याला धरलेलं असतं, त्याचं खालचं टोक आटे पाडून एका ब्राँझच्या ठोकळ्यात फिरवून बसवलेलं असतं. इंग्रजीत त्याला ट्रनियन म्हणतात, मामा ‘पितळी’ म्हणायचे. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांत फिरतो, म्हणजे गाडीचं वजन आणि वळण दोन्ही त्या इंचभर आट्यांवर. त्यात गिअरचं जाड तेल घालायचं असतं, ग्रीस नाही. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही. ते वरच सुकून बसतं, खाली पाणी शिरतं, लोखंड गंजतं, आणि एक दिवस दांडा चटकन तुटून चाक गाडीखाली दुमडतं. ही खोड हेराल्डची, स्पिटफायरची, आणि लोटसच्या एलानचीही, कारण लोटसनं पुढचा दांडा ट्रायम्फकडूनच घेतला होता.

१९७४ च्या सुट्टीत मी तेरा वर्षांचा होतो. मामा नगरला गेले होते. डॉक्टरांची गाडी सर्व्हिसिंगला आलेली. ‘पितळीला गन मार’ एवढंच मला सांगून ठेवलेलं. तेलाची गन आणि ग्रीसची गन शेजारी टांगलेल्या असायच्या. मी ग्रीसची घेतली. चांगली दाबून, कडेनं बाहेर येईपर्यंत मारली, आणि चिंधीनं स्वच्छ पुसली. काम नीट केल्याचा आनंद मला आजही आठवतो, म्हणूनच ते जास्त लागतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर, दवाखान्याच्या फाटकातून वळताना, चालण्याच्या वेगात, डावं चाक दुमडलं. कोणाला इजा झाली नाही. तेच जर कामरगावच्या घाटात झालं असतं, तर... डॉक्टरांना मामांनी पैसे लावले नाहीत. पुढच्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा त्यांनी तो दांडा माझ्या हातात दिला. तुटल्या जागी अर्धा भाग जुन्या गंजानं काळा पडलेला, अर्धा ताजा, साखरेसारखा दाणेदार. ‘बघ,’ म्हणाले. ‘हे काळं किती दिवसांचं आहे बघ. ती आपल्याला सांगत होती, आपण ऐकलं नाही.’ ‘तू’ न म्हणता ‘आपण’ म्हणाले. मग खिळा ठोकला आणि दांडा टांगला.

हेराल्डचे दिवस लवकर सरले. मागच्या चाकांचे झुलते अॅक्सल आपल्या मालकांना आणि मिस्त्रींना मानवले नाहीत. १९७२ मध्ये सरळ अॅक्सलची गॅझेल आली, १९७७ मध्ये तीही थांबली. डॉक्टरांची निळी गाडी भंगारात गेली तेव्हा मामांनी तिचा फक्त डेल्को काढून ठेवला.

आज मामेभावाच्या गॅरेजात लिफ्ट आहे, स्कॅनर आहे. गाडी आत आली की तो आधी वायर जोडतो आणि पडद्यावरचा कोड वाचतो. यात काही वाईट नाही. नवी गाडी स्वतःची तब्येत स्वतः सांगते, ब्रेक पकडतात, दहा वर्षं बॉनेट न उघडता लोक फिरतात. ड्रम ब्रेकवर घाट उतरतानाची धाकधूक ज्यांनी सोसली आहे, त्यांनी या सुखाला नावं ठेवू नयेत. मला खंत एवढीच, की दर महिन्याला गाडीजवळ बसण्याचं निमित्त गेलं.

दीड वर्षांपूर्वी त्याच्याकडे एक हेराल्ड आली, चार दारांची. ही चार दारांची गाडी फक्त भारतातच बनली. नगरच्याच एका तरुणानं एका शेडमधून ती कोंबड्यांसकट विकत घेतली. मला फोन आला, ‘दादा, येऊन जा. बॉनेट उघडलंय.’

गेलो तर बाकावर खोक्यांची रांग. सगळी इंग्लंडहून पोस्टानं आलेली, सगळ्यांवर स्पिटफायरचं नाव. ट्रनियन, बुश, क्लच प्लेट, वॉटरपंप. ज्या गाडीचं उत्पादन १९८० मध्ये थांबलं, तिचा जवळपास प्रत्येक भाग तिकडे पुन्हा बनतो, कारण तिला जीव लावणारे हजारो आहेत. मामा ज्या बुशसाठी सायकल दामटत होते, तो आता दारात येतो. आणि गंमत वाटावी अशी अडचण पुढेच होती. विलायती ते सगळं मिळालं, मद्रासचं मिळेना. मागच्या दाराची रबरं, मागच्या काचेची खाच, कडी, यांतलं काही इंग्लंडात कधी बनलंच नाही. शेवटी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात जुन्या रबराचा तुकडा देऊन साचा करून घेतला. मला लेथवाल्याकडून येणारा गरम बुश आठवला.

इंजिनाचं काम तो मामांच्याच पद्धतीनं करतो, पण दोन गोष्टी नव्या. २००० सालापासून पेट्रोलमध्ये शिसं नाही. जुन्या ओतीव हेडच्या व्हॉल्व्ह सीटना त्या शिशाचा आधार होता, म्हणून कडक धातूच्या सीट नव्यानं बसवल्या. आणि आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुनी रबरी नळी त्यानं फुगते, चिरते, म्हणून सगळ्या नळ्या बदलल्या. कागदपत्रांचीही सोय झाली आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. त्या नंबरावर रोज मात्र फिरवता येत नाही. डॉक्टर अशाच गाडीतून रात्री-अपरात्री खेड्यांवर जायचे. ज्या गाडीचा सगळा मान राबण्यात होता, तिला राबण्याचीच मनाई, हे मला अजून पचत नाही.

मामेभावाची मुलगी इंजिनीअरिंगला आहे. कॉलेजातून आली की ती उजव्या चाकावर बसते. मी गेलो त्या दिवशी नवे ट्रनियन बसून झाले होते. तिनं भिंतीवरच्या दोन गनांपैकी एक काढली आणि न बोलता नळीचं तोंड माझ्यापुढे धरलं. मी बोट लावून पाहिलं. तेल होतं.

‘काका, किती दाबायची?’

‘आधी घाण येईल, काळी. ती येऊ दे. मग स्वच्छ तेल दिसेपर्यंत दाबत राहा.’

‘हे तर नवं आहे, घाण कुठून येणार?’

‘मग लगेच दिसेल. दर महिन्याला पाहायचं.’

ती डाव्या चाकाशी उकिडवी बसली आणि दाबायला लागली. आट्यांच्या कडेनं पिवळसर तेलाचा थेंब फुगला, ठोकळ्यावरून ओघळला. तिनं हात पुसले आणि गन घेऊन उजव्या बाजूला गेली.