बोगनवेलीला ताण हवा

जळगाव-धुळ्याकडे बोगनवेल कुठेही दिसते. बंगल्याच्या फाटकावर, शाळेच्या कुंपणाला, महामार्गाच्या दुभाजकात. यातली दुभाजकातली, कधीमधी टँकरचं पाणी मिळणारी, पानं दिसू नयेत इतकी रंगलेली असते. फाटकावरची, रोज संध्याकाळी नळी लावलेली, हिरवीगार माजते आणि फुलायचं नाव घेत नाही. हा योगायोग नव्हे. बोगनवेल कमी पाण्यावर नुसती तगत नाही, पाण्याचा ताण बसला की ती फुलावर येते. आपल्या भागातल्या लिंबू-डाळिंबवाल्याला हे गणित तोंडपाठ आहे. परसबागेत मात्र अजून केळीचाच, म्हणजे रोज पाण्याचा, हिशोब चालतो.

पुरावा फांदीवरच आहे. फांदीच्या टोकाकडचं एखादं पान बाजूला सारून त्याच्या बेचक्यात पाहा. भरपूर पाणी आणि नत्र मिळालेल्या लांबलचक फोकावर तिथे काटा सापडेल. ताण बसलेल्या आखूड फांदीवर त्याच जागी फुलांचा झुबका. काटा आणि फुलोरा ही दोन्ही त्या बेचक्यातल्या अंकुराचीच रूपं. अंकुराने कुठल्या वाटेने जायचं, हे झाडाला मिळणारं ऊन, दिवसाची लांबी आणि खाण्यापिण्याची चंगळ यांवर ठरतं. ज्याला आपण फूल म्हणतो, ती तर कागदासारखी तीन रंगीत पानं. खरी फुलं म्हणजे त्यांच्या पोटातल्या पांढुरक्या बारीक नळ्या.

ताण देणं म्हणजे हेळसांड, असं अनेकांना वाटतं. पण लिंबू-डाळिंबाचा बहार धरणारा शेतकरी बाग वाऱ्यावर सोडत नाही. तो पाणी तोडतो, पानं पिवळी पडेपर्यंत थांबतो, छाटणी करतो आणि मग खत-पाणी सुरू करतो. हलक्या मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत वेळ लागतो, हेही त्याला ठाऊक असतं. बोगनवेलीला हाच क्रम लागू पडतो. तापी-गिरणाकाठच्या काळ्या मातीत पावसाची ओल दिवाळीपर्यंत हटत नाही. अशा मातीत रोज पाणी म्हणजे मुळांचा श्वास कोंडणं. तिथे खड्ड्यात मुरूम आणि थोडं शेणखत घालून झाड उंचवट्यावर लावावं. साक्रीकडच्या मुरमाड रानात निचऱ्याची एवढी काळजी नको. बहर ओसरला की टोकं छाटावीत, कारण फूल नव्या फुटीवर येतं.

यावर कोणी म्हणेल, फुलं थंडीत येतात ती दिवस लहान होतात म्हणून. ताणाचं श्रेय कशाला? आक्षेप निम्मा खरा आहे. लहान दिवस फुलोऱ्याला मदत करतात आणि पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर कितीही पाणी तोडून उपयोग नाही. पण एकाच गल्लीत, एकाच उन्हात दोन वेली निरनिराळ्या वागतात, तेव्हा फरक पाण्याचा आणि खताचाच उरतो. दुसरा आक्षेप मे महिन्याचा. पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा ताण द्यायचा? जमिनीत रुजलेल्या जुन्या वेलीला आठ-दहा दिवसांनी एकदा खोलवर पाणी पुरतं. कुंडीतलीला तेवढी उसंत नाही. पानं किंचित मलूल झाली की पाणी द्यावं, तेही तळातून निथळेपर्यंत. आणि पहिल्या वर्षी ताणाचा विषयच काढू नये. मूळ खोल गेल्याशिवाय तो सोसत नाही.

खरी अडचण सवयीची आहे. ठिबकने या जिल्ह्यांची शेती बदलली, पण रोज ठरल्या वेळी पाणी सोडायची सवयही लावली. केळीला ते हवंच. बोगनवेलीसाठी मात्र ठिबकची तोटी बंद ठेवायचे दिवस आधी ठरवावेत, चालू ठेवायचे नंतर.