इनामदार, दोन माणसं

लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण आम्ही दोघंच कुठे मुक्कामाला गेलो होतो असं आठवत नाही. गेलो ते लग्नांना, उरसाला, मयतीला, नाहीतर मुलांच्या ॲडमिशनला. यंदा थोरला पुण्याला हॉस्टेलवर गेला आणि धाकटी म्हणाली, "अम्मी, मी नानीकडे राहते, तुम्ही दोघं जाऊन या." यात तिचा समजूतदारपणा किती आणि दोन दिवस मोबाइल मोकळा मिळणार याचा आनंद किती, हे मी विचारलं नाही.

कुठे जायचं हे मात्र माझं आधीच ठरलेलं होतं. भिलार. उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते. दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वर्गात 'पुस्तकांच्या गावा'बद्दल अगदी स्वतः राहून आल्यासारखी बोलते. प्रत्यक्षात पाहिलेलं नव्हतं. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरून जरा आत, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांमध्ये वसलेलं हे गाव. ४ मे २०१७ रोजी तिथे हा उपक्रम सुरू झाला. कल्पना आली ती वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून, पण तिथे पुस्तकांची दुकानं आहेत आणि इथे लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या पुस्तकांना दिल्या आहेत. कुणाकडे कादंबऱ्या, कुणाकडे संतसाहित्य, कुणाकडे बालसाहित्य. बसा आणि वाचा, पैसे नाहीत. काही घरांत राहायची सोयही आहे.

खोली ठरवायचं काम यांच्याकडे होतं. एसटीच्या वर्कशॉपमधला माणूस, फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. एका संध्याकाळी येऊन म्हणाले, "हो गया. दो रात."

डिसेंबरातल्या शनिवारी सकाळची शाळा उरकून निघालो, सोमवारची एक किरकोळ रजा टाकली. मिरज, सातारा, वाई. वाईला एसटी बदलेपर्यंत घाटावर जाऊन आलो. हीच कृष्णा आमच्या मिरजेला येईपर्यंत केवढी थोराड होते! वाईत ती अजून माहेरीच असल्यासारखी वाटते. मराठी विश्वकोशाचं काम जिथे उभं राहिलं ते हे गाव, ती इमारत बघायची माझी इच्छा होती, पण यांना शेवटच्या गाडीची काळजी. पसरणीचा घाट चढू लागलो तशी खिडकीतून थंडी आत आली. यांनी स्वतःचा मफलर काढून माझ्या हातात दिला. गळ्यात घातला असता तर मी लाजले असते, हातात दिला तो बरं झालं.

पोचलो तेव्हा अंधारत आलं होतं. बैठं घर, पुढे ओसरी, ओसरीवर पुस्तकांची कपाटं. दाराशेजारी छोट्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं: 'इनामदार, २ माणसं, रात्री जेवण.' घरच्या वहिनी हसत बाहेर आल्या आणि माझा बुरखा पाहून क्षणभर थांबल्या.

"इनामदार ना?"

"हो."

"मला वाटलं..." म्हणाल्या आणि पुढचं वाक्य गिळून आमची पिशवी घ्यायला वाकल्या.

इनामदार हे आडनाव ब्राह्मणात आहे, मराठ्यात आहे, आमच्यातही आहे. आमच्याकडे कुणा पूर्वजाला दर्ग्याच्या दिवाबत्तीसाठी जमीन मिळाली होती म्हणे. जमीन गेली, आडनाव राहिलं. खोलीचं दार लावल्याबरोबर मी विचारलं, "तुमे फोन पे पूरा नाम कायकू नै बताए?"

"झूट क्या बोल्या मैं? इनामदारच है ना?"

मला राग आला. सबंध आयुष्य मी मुलांना सांगत आले की वहीवर पूर्ण नाव लिहा, सुवाच्य लिहा. आणि माझाच नवरा निम्मं नाव सांगून खोली मिळवतो! बराच वेळ हे बुटाची नाडी सोडवत बसले होते. मग खाली मान घालूनच सांगितलं. आधी दुसऱ्या एका ठिकाणी फोन केला होता. खोली आहे म्हणाले, भाडं ठरलं, नाव विचारलं. यांनी पूर्ण नाव सांगितलं. "बघून सांगतो" म्हणाला आणि नंतर फोनच उचलला नाही.

"मेरेकू क्यूं नै बताए?"

"तू इतने दिन से तैयारी कर रई थी. बोल के क्या करता?"

कदाचित खरंच खोली गेली असेल. हा 'कदाचित' आमच्यासारख्यांच्या सामानात कायमचा असतो, काढून ठेवता येत नाही, सिद्धही करता येत नाही. पण त्या रात्री मला टोचलं ते वेगळंच. मी समजत होते की यांनी घरवाल्यांपासून काही लपवलं. लपवलं होतं ते माझ्यापासून.

जेवायला चुलीपुढे पाट मांडले होते. पिठलं, भाकरी, ठेचा. वहिनी प्रत्येक गोष्ट वाढताना विचारत होत्या, "हे चालतं ना?" पिठलं चालतं ना, दही चालतं ना. पाणी ओततानाही "चालतं ना?" म्हणाल्या आणि स्वतःच ओशाळल्या. कोपऱ्यात त्यांच्या सासूबाई गोधडी पांघरून बसल्या होत्या. बराच वेळ आमच्याकडे बघून त्यांनी सरळ विचारलं, "मुसलमान का वं तुमी?"

"हो आजी."

"मंग आदी सांगायचं न्हाई व्हय?"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. यांनी ताटावरची नजर वर केली नाही. म्हातारी पुढे म्हणाली, "कोंबडं केलं असतं की. पर तुमास्नी कापाय तुमचाच मानूस लागतो. सांगितलं असतं तर सांजच्याला मुलाण्याला बोलावला असता. आमच्यातबी पयलं मुलाण्याबिगर बकरं कापत न्हवते, जत्रंला त्योच सुरी फिरवायचा."

हे मला ठाऊक होतं. गावगाड्यातल्या मुलाण्याचं ते कामच होतं, तेही मी पुस्तकातून शिकवलेलं आहे. पण चुलीपुढे, कुणाच्या तोंडून, तक्रारीच्या सुरात ऐकलं नव्हतं. यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

पहाटे फजरला उठले तर नळाचं पाणी बोटं तोडत होतं. मागच्या पडवीत आजींनी बंब पेटवून ठेवला होता. पश्चिम कुठली म्हणून विचारलं, तर त्यांनी वाफ्यांपलीकडच्या झाडाकडे हात केला, "दिस तितं बुडतो." त्या वेळेला दिस कुठे दिसणार, पण झाड दिसत होतं. तेवढं पुरलं.

रविवार वाचण्यात गेला. म्हणजे माझा जाईल असं मी धरलं होतं, यांचा गेला. यांचं शिक्षण सातवीपर्यंत, उर्दूतून. मराठी वाचतात ती वर्कशॉपमधल्या जॉब कार्डांपुरती. एका घरात ऐतिहासिक कादंबऱ्या होत्या, तिथे यांना ना. सं. इनामदारांची 'राऊ' दिसली. तिथला कॉलेजातला मुलगा हसून म्हणाला, "तुमचे कोण लागतात?" हे म्हणाले, "आमचं इनाम वेगळं, त्यांचं वेगळं," आणि पुस्तक घेऊन उन्हात बसले.

ओळीखाली बोट ठेवून वाचत होते. मी जवळ जाऊन बसले, अडेल तिथे सांगावं म्हणून. अडले, पण भलत्याच जागी. 'किंकर्तव्यमूढ'सारख्या शब्दांना अडखळणार हे मी धरलंच होतं. पण पेशवाईवरचं मराठी म्हणजे फारसीचा बाजार: खलिता, मोहीम, फौज, ताकीद, खुद्द पेशवा हा शब्दही. त्या मुलाने खलित्याचा अर्थ मला विचारला आणि उत्तर यांनी दिलं, खिशातून एसटीचा पास काढून त्याची थैलीसारखी घडी करून दाखवत. अठरा वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना मराठी शिकवते आहे. घरातल्या माणसाशेजारी बसून एक पान वाचलं नव्हतं. दुपारपर्यंत यांची तीसएक पानं झाली. मधेच मला विचारलं, "मस्तानी का आगे क्या होता?" मी म्हटलं, वाचा.

सोमवारी सकाळी हिशेब झाला. वहिनींनी रजिस्टर पुढे केलं. यांनी पेन घेतलं आणि मोठ्या, शाळकरी अक्षरात स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव लिहिलं. खाली माझंही, तसंच पूर्ण. वेळ लागला. वहिनी थांबल्या. आजींनी स्ट्रॉबेरीचा खोका दिला आणि पुन्हा बजावलं, फुडल्या येळंला आदी सांगा.

घाट उतरताना हे म्हणाले, "अगली बार फोन तू कर."

"करीन. पूर्ण नाव सांगीन."

"और वो 'बघून सांगतो' बोल्या तो?"

गाडी वळणावर कलली. मांडीवरचा खोका मी दोन्ही हातांनी धरला, वरच्या दोन स्ट्रॉबेऱ्या काढून यांच्या हातावर ठेवल्या. खाऊन झाल्यावर यांनी देठं कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकली.