कोरफडीचा तुरा

कोरफड मराठी घरात येते ती कामाची म्हणून. हाताला चटका बसला, केस गळायला लागले, पोराला खोकला झाला की पान कापायचं. बाळाचं अंगावरचं दूध तोडायचं तरी तिचाच कडू चीक. इतकी घरची असूनही तिला फूल येतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

एका मुलीला मात्र ते लहानपणापासून ठाऊक होतं. साताऱ्याला आजीच्या मागीलदारी, धुण्याच्या दगडापलीकडच्या कोरड्या मुरमात कोरफडीचं बेट होतं. आजी बाहेरच्या बाजूचं जुनं पान बुडातून कापायची, भिंतीला उभं टेकवून ठेवायची आणि पिवळा चीक निथळून गेल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. तो पोटात गेला तर जुलाब होतात. तोच आटवून वाळवला की काळा बोळ होतो. मग सुरीने दोन्ही काटेरी कडा काढायच्या, साल सोलायची आणि बुळबुळीत गर वाटीत घ्यायचा. थंडीत त्या बेटातून पिवळे तुरे वर यायचे. पानं हवी तेवढी घ्या, पण तुऱ्याला हात लावायचा नाही, असा आजीचा दंडक होता.

लग्नानंतर त्या बेटातलं एक पिल्लू तिच्याबरोबर पुण्याला आलं. गॅलरी उत्तरेकडची. तिथे कोरफड वाढली. पानं लांब झाली, हिरवीगार झाली, कुंडीच्या कडेवरून लोळू लागली. तुरा मात्र आला नाही. सासूबाईंनी त्यातलंच एक रोप नजर लागू नये म्हणून दारावर उलटं टांगलं. मातीचा कण नसताना ते महिनोन्‌महिने टवटवीत राहिलं.

ही चाल आपलीच नाही. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने इजिप्तच्या लोकजीवनावर १८३६ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. दारावर टांगलेल्या कोरफडीची नोंद त्यात आहे: माती-पाण्यावाचून ती कित्येक वर्षं जगते, फुलतेसुद्धा.

टांगलेली कोरफड फुलते आणि रोज पाणी मिळणारी फुलत नाही, याचं कारण तिच्या मुळात आहे. हे झाड अरबी द्वीपकल्पातल्या रखरखीत डोंगरांतलं. दिवसा त्याच्या पानांवरची रंध्रं मिटलेली असतात; हवेतला कार्बन डायऑक्साइड ते रात्रीच्या गारव्यात घेतं आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हावर त्याचं अन्न करतं. पाणी उडून जाऊ नये म्हणून ही सोय. साहजिकच त्याला भरपूर ऊन लागतं, गार रात्री मानवतात आणि मुळं कोरडी राहिलेली आवडतात. सावलीत ते तग धरतं, पण हातभर उंच दांडा उभारण्याइतकी शिल्लक त्याच्याजवळ साठत नाही. त्यात आपण औषधाला म्हणून पानं कापत राहतो. साठा असतो तो त्या पानांतच.

आणखी एक समज शेजारपाजारी ऐकू येतो: कोरफड फुलली की मरते. हे खरं आहे ते घायपाताबद्दल. शेताच्या बांधावरचा, मूळचा मेक्सिकोकडचा घायपात एकदाच फुलतो आणि वाळून जातो. कोरफड त्याच्यासारखी दिसते, पण ती वेगळ्या कुळातली. वयात आली आणि ऊन मिळालं की ती पुन्हापुन्हा फुलते. वयात यायला मात्र साधारण चार वर्षं जावी लागतात.

पुढे पुण्यातली तिची इमारत पुनर्विकासाला गेली आणि वरच्या मजल्यावरचं, गच्चीला लागून असलेलं घर मिळालं. कोरफडीही वर गेल्या. सावलीतलं रोप एकदम कडक उन्हात ठेवलं तर पानं तांबूस पडतात, म्हणून कुंड्या आधी फक्त सकाळच्या उन्हात ठेवल्या, मग हळूहळू उघड्यावर. जूनमध्ये गर्दी करणारी पिल्लं काढून वेगळी लावली. मातीत निम्मी जाड वाळू आणि विटांचा चुरा मिसळला, कारण पाणी साठलं की मूळ कुजतं. पानंच वाढवणारं युरियासारखं खत टाळलं. दिवाळीनंतर पाणी जवळपास तोडलं. माती खोलवर सुकल्यावरच थोडं. आणि मोठ्या कुंडीतलं पान कापायचं नाही, असा नियम घरात सगळ्यांना लागू झाला.

थंडीच्या ऐन भरात पानांच्या मधून अंगठ्याएवढं जाड टोक वर आलं, राखाडी-हिरव्या खवल्यांनी झाकलेलं. ते रोज वाढताना दिसत होतं. आधी सगळ्या कळ्या दांड्याला चिकटून वर तोंड करून होत्या. मग खालच्या रांगेतल्या कळ्या लांबल्या, पिवळ्या झाल्या, माना खाली घालून लोंबू लागल्या आणि उमलल्या. वरच्या अजून मिटलेल्याच. एकेका नळीच्या तोंडातून पुंकेसर बाहेर डोकावत होते. एका सकाळी शिंजीर आला, दांड्याला धरून बसला आणि बाकदार चोच खालून फुलात घालून मध पिऊ लागला.

शिंजीर आले तरी बी धरलं नाही. कोरफडीला सहसा स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, खरोखर वेगळ्या रोपाचे पराग लागतात. आणि तिच्या गच्चीवरच्या साऱ्या कुंड्या म्हणजे एकच झाड. पिल्लू हा आईचाच भाग, त्यात दुसऱ्या कुणाची भेसळ नाही. साताऱ्याचं घर कधीच विकलं गेलं, ते बेटही गेलं. पण पुण्यात फुललेला तुरा आजीच्याच कोरफडीचा होता, शब्दशः.

तुमच्याकडे चार-पाच वर्षांची कोरफड असेल तर या दिवाळीनंतर तिला घरातली सगळ्यात उन्हाची जागा द्या, पाणी तोडा आणि औषधाला पान लागलं तर शेजारच्या लहान कुंडीतलं घ्या. पहिल्या थंडीत तुरा नाही आला तर कुंडी हलवू नका; पुढच्या थंडीपर्यंत तिथेच राहू द्या.