कोलकात्यात गुलबक्षी चारलाच फुलते

कोलकात्याला आलात की व्हिक्टोरिया आणि हावडा ब्रिज बघालच. एक संध्याकाळ मात्र एखाद्या जुन्या घराच्या गच्चीसाठी राखून ठेवा. गच्चीला इथे ‘छाद’ म्हणतात.

आमच्या छादावर मी गुलबक्षी लावली आहे. बंगालीत ती संध्यामालती. घरमालकीण माशिमांच्या तोंडून ‘शोन्धामालोती’. बी साताऱ्याचं, आजीच्या परसातलं. ते घर दोन वर्षांपूर्वी विकलं. सामान हलवताना मिरीसारख्या काळ्या, सुरकुतलेल्या बिया मी मूठभर खिशात टाकल्या. परसात गुलबक्षी एकाच रंगाची होती, गुलाबी. आजी त्या फुलांची लांब नळी एकमेकांत गुंफून दोऱ्याशिवाय वेणी करायची. मला तोच रंग हवा होता.

बिया रात्रभर भिजवून पावसाच्या तोंडावर पेरल्या. (घरात लहान मुलं असतील तर जपा, हे बी विषारी असतं.) पहिलं फूल उमललं ते पांढरं! दुसऱ्या कुंडीत लाल. आजीचा गुलाबी थेट तिसरीत. पांढरं रोप उपटायलाच निघाले होते, पण माशिमांनी हात धरला.

यात चूक कुणाचीच नव्हती. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी गुलबक्षीवरच प्रयोग केले. लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून गुलाबी येते, आणि त्या गुलाबीचं बी पेरलं की तिन्ही रंग निघतात. यंदा कालबैशाखीच्या वादळात कुंड्या आडव्या झाल्या, बिया सांडल्या. आता पाण्याच्या टाकीखालच्या भेगेतही रोपं आहेत. कोणता रंग येईल यावर मी आणि माशिमा पैज लावतो. बहुतेक वेळा मी हरते.

अशा न मागता उगवलेल्या फुलाची इथली जुनी गोष्ट विल्यम कॅरींची. मराठीचं व्याकरण (1805) आणि मोडी लिपीत छापलेला शब्दकोश (1810) करणारे तेच हे कॅरी. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी त्यांनी सेरामपूरच्या बागेत झटकली, तर काही दिवसांनी तिथे त्यांच्या गावाकडची डेझी उगवली. त्यांनी 1820 मध्ये स्थापन केलेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग अलिपूरला आहे. हिवाळ्यात जरूर जा.

आणि एक गंमत. साताऱ्यात गुलबक्षी उघडेपर्यंत पाच वाजायचे, इथे चारलाच सुरुवात. सूर्यच तासभर आधी मावळतो ना!

परवा पुण्यात काकाकडे राहणाऱ्या आजीला व्हिडिओ कॉल करून पांढरं फूल दाखवलं. म्हटलं, “बघ, हे आपल्याकडे कधीच नव्हतं.”

आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “होतं की. विहिरीपाशी. तुझ्या जन्माआधी विहीर बुजवली तेव्हा गेलं.”