सायकलचा आरसा

आपल्याकडे वाहनं उजवीकडून ओलांडतात, तेव्हा आरसा उजव्या मुठीच्या टोकालाच. एवढं पक्कं. खरी झुंज काचेशी आहे. सपाट काचेत मागचा ट्रक आहे तेवढ्याच अंतरावर दिसतो, पण रस्त्याची चिंचोळी पट्टीच मिळते. निम्म्या काचेत माझाच दंड. बहिर्वक्र काच सगळा रस्ता कवेत घेते, मात्र ट्रक लहान दिसतो आणि म्हणून लांब वाटतो. हे मला फार धोक्याचं वाटतं. म्हणून बाक अगदी थोडा ठेवायचा: वक्रता त्रिज्या मीटरभर, काच आठ सेंटिमीटर रुंद.

दांडी आखूडच हवी. लांब दांडी पेव्हर ब्लॉकवर थरथरते, आणि चित्र पुसट झालं की आरसा असून नसल्यासारखा. सांध्यात रबरी वॉशर घालतोय. सायकल स्टँडवरून पडली तर आरसा दुमडावा, फुटू नये.

आज चौकात दुधाच्या किटल्या लावलेला सायकलस्वार पाहिला. मागे बघायला त्याने मान वळवली, तसं हँडलही रस्त्याच्या मध्याकडे वळलं. मागून बस येत होती. आरसा त्याच्या सायकलला आधी हवा, आणि त्याला परवडेल अशा किमतीत.