ताणलेलं धनुष्य

‘यिन’ हे चिनी अक्षर चार फटकाऱ्यांत लिहून होतं. आधी तीन फटकाऱ्यांत वळणाचं धनुष्य, मग शेजारी एक सरळ उभी रेघ. मूळ अर्थ धनुष्य ओढणं. त्याला ‘ली’ म्हणजे बल जोडलं की होतं ‘यिनली’, गुरुत्वाकर्षण. चंद्राला पृथ्वीशी बांधून ठेवणारी ओढ लिहायची तर धनुष्य काढायचं! मला हे फार देखणं वाटतं, आणि अचूकही. आपण दोरी ओढतो तेव्हा दोरीही आपल्याला तेवढ्याच जोराने ओढत असते. न्यूटन काही वेगळं सांगत नव्हता.

या जोडणीचं श्रेय मात्र दिलं जातं ते नागासाकीच्या शिझुकी तादाओला. हा डच दुभाषांच्या घराण्यातला. जॉन कीलने न्यूटनचं विज्ञान समजावून सांगितलं होतं, ते याने १७९८ ते १८०२ या काळात डचवरून जपानीत आणलं. तिकडे शांघायात ली शानलान आणि अलेक्झांडर वायली यांनी हर्शेलच्या खगोलशास्त्राचा चिनी अनुवाद १८५९ साली छापला. नाव ठेवलं ‘थान थिएन’, म्हणजे चक्क आकाशाच्या गप्पा. पुढे जपानात रुळलेले कितीतरी शास्त्रीय शब्द चीनमध्ये आले. अक्षरं तिथलीच, त्यामुळे लेक माहेरी यावी तसे ते घरात वावरू लागले.

न्यूटनच्या नियमाला चिनीत ‘वानयौ यिनली’ म्हणतात. ‘वान’ म्हणजे दहा हजार, पण इथे मोजदाद नाही. यच्चयावत वस्तूंची एकमेकींना ओढ, एवढाच अर्थ. बोलताना मात्र लोक ‘तीशिन यिनली’ म्हणतात, पृथ्वीच्या गाभ्याची ओढ. शिवाय ‘चुंगली’ आहेच, वजनाचं बल. चीनमधली पाठ्यपुस्तकं इथे काटेकोर असतात: पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यात ओढीचा थोडा वाटा खर्ची पडतो, उरतं ते ‘चुंगली’. मुख्यतः यामुळेच विषुववृत्तावर वस्तूचं वजन ध्रुवापेक्षा सुमारे अर्धा टक्का कमी भरतं. मराठीने ‘गुरुत्व’ आणि ‘आकर्षण’ एकाच शब्दात कोंबून ही कटकटच ठेवली नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरी सापडल्याची बातमी आली, तेव्हा बीजिंगमध्ये त्या ‘यिनली पो’ होत्या, तैपेईत ‘चुंगली पो’. बीजिंगमध्ये ‘चुंगली पो’ म्हटलं तर पाण्यातल्या नाहीतर हवेतल्या लाटा समजतात. हिंगोलीजवळ औंढा नागनाथला या लहरी टिपणाऱ्या लायगोची भारतीय वेधशाळा उभी राहायची आहे. तिथे पहिली लहर टिपली जाईल तेव्हाही बीजिंग आणि तैपेई आपापल्या शब्दावर अडून बसतील.