दगडांचा नाद

माणसाला कसला ना कसला नाद असावा असे सगळेच म्हणतात. तो कसला असावा हे मात्र कोणी सांगत नाही. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी, कुणी अत्तराच्या कुप्या. असल्या नादांना समाजात एक प्रतिष्ठा आहे. पाहुणा आला की वही उघडता येते, डबी पुढे करता येते, आणि पाहुणाही दोनदा 'वा वा' म्हणून चहाची वाट पाहत बसतो. माझा नाद मात्र पाहुण्यापुढे ठेवण्यासारखा नाही. मी दगड जमवतो. तेही नदीकाठचे गोजिरवाणे, रंगीत दगड नव्हेत. सुतारांनी, न्हाव्यांनी, चांभारांनी हत्यारे घासून घासून शेवटी टाकून दिलेले धारेचे दगड. तेलाने काळे पडलेले, मधे खोलगट झालेले, कोपरे उडालेले. दिवाळीची साफसफाई निघाली की घरातली मंडळी ते अंगणात नेऊन ठेवतात आणि मी ते दिवेलागणीच्या आत पुन्हा घरात आणतो. या देवघेवीत आमची बरीच वर्षे सुखाने गेली आहेत.

धारेच्या दगडाला आपल्या भाषेत नावांची वाण नाही. जुने लोक त्याला निसणा म्हणत. आमच्या वर्ध्या-नागपुराकडचे सुतार आणि न्हावी त्याला पथरी म्हणतात. चंदन उगाळायची सहाण हीदेखील त्याच कुळातली. पण तिला देवघरात जागा मिळाली, पथरी पेटीच्या तळाशीच राहिली. खंडेनवमीला सुतार करवत, रंधा, वाकस, पटाशी सारे धुऊन पुसून मांडतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचे फूल वाहतो. मी पाहिलेल्या त्या रांगांत पथरी क्वचितच दिसली. साऱ्या हत्यारांना जिने धार दिली, तिला त्या दिवशी फुलाची एक पाकळीही मिळत नाही. माझ्या नादाचे मूळ बहुधा या अन्यायातच असावे.

मी राहतो सिंदीला. पत्ता लिहिताना 'सिंदी (रेल्वे)' असे लिहावे लागते. ज्याच्या नावातच कंस आहे असे गाव फार थोड्यांच्या वाट्याला येते. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली, तेव्हापासून हा लोहमार्ग आमच्या शेजाराला आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. आज वर्धा, उद्या नागपूर. कधी पुण्याला गेलो तर रविवार साधून जुन्या बाजारात दोन तास. जिथे जुने लोखंड तिथे मी. भंगाराच्या दुकानात सगळ्याला भाव असतो. लोखंडाला वेगळा, पितळेला वेगळा, रद्दीला वेगळा. भाव नसतो तो फक्त दगडाला. सुताराची पेटी विकायला आली की दुकानदार पटाश्या तराजूत टाकतो आणि पथरी कोपऱ्यात भिरकावतो. "गोट्याले काय भाव लावू गुरुजी? न्या तसाच!" असे म्हणणारे उदार लोक मला भेटले आहेत. पण आपल्याला तो गोटाच हवा आहे, हे डोळ्यांत दिसता कामा नये. दिसले, की त्याच दगडाचे वय एका क्षणात शंभर वर्षांनी वाढते आणि किंमत त्याहून अधिक. म्हणून मी आधी एखाद्या गंजलेल्या कुलुपाची घासाघीस करतो. अशी किल्ली नसलेली आठ कुलपे आज माझ्या घरात आहेत.

वर्ध्याहून आणलेल्या एका पथरीची पुठ्ठ्याची डबी निम्मी कुजलेली होती. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत 'कार्बोरंडम' एवढेच वाचता आले. शब्द परदेशी खरा, पण त्याच्या पोटात आपलाच एक शब्द लपलेला आहे. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन नावाचा गृहस्थ विजेच्या प्रखर उष्णतेने कृत्रिम हिरा तयार करण्याच्या खटपटीत होता. हिरा काही झाला नाही. पण चमकदार, विलक्षण कठीण असे खडे मात्र हाती आले. कार्बन आणि कोरंडम यांचा हा संयोग असावा असे समजून त्याने दोन्ही नावे जोडून बारसे केले. पुढे कळले की त्यात कोरंडम नाहीच, सिलिकॉन आहे. पण ठेवलेले नाव तेच राहिले. आणि कोरंडम म्हणजे दुसरे काय? आपला कुरुंद. तमिळमध्ये कुरुंदम्, संस्कृतात कुरुविंद.

हा कुरुंद मोठ्या घराण्यातला आहे. माणिक आणि नीलम हे त्याचे सख्खे भाऊ. तिघांचेही अंग एकच, ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे. त्यात किंचित क्रोमियम मिसळले की माणिक होते, लोह आणि टायटॅनियम मिसळले की नीलम. कठीणपणाच्या मापात हिऱ्याला १० धरले तर कुरुंदाला ९ मिळतात. भावांना अंगठीचे कोंदण लाभले आणि याच्या नशिबी सुताराची पेटी आली. तो पाहायला फार लांब जायला नको. आमच्या विदर्भातच, भंडारा जिल्ह्यात पोहऱ्याला तो सापडतो. पूर्वीचे कारागीर त्याची पूड लाखेत कालवून शाणेची चाके करीत. पुढे १९४१ साली उरणजवळच्या मोरा येथे अशा चाकांचा कारखाना निघाला, १९५४ साली मद्रासला दुसरा निघाला, आणि लाखेच्या चाकाचे दिवस भरत आले.

दगड घरी आला की मी प्रथम त्याला अभ्यंगस्नान घालतो. आपल्याला आधी तेल लागते आणि मग न्हाणे. याला तेल चाळीस-पन्नास वर्षे लागलेलेच असते, राहिलेले असते ते फक्त न्हाणे. सोसवेल इतक्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकायचा आणि दगड त्यात रात्रभर ठेवायचा. सकाळी पाणी चहासारखे झालेले असते. तेल आणि लोखंडाची भुकटी यांनी दगडाची रंध्रे बुजलेली असतात. जुन्या ब्रशाने घासत गेले की ती मोकळी होतात, आणि इतकी वर्षे काळा म्हणून मिरवणारा दगड एकाएकी राखी, करडा किंवा गेरूच्या रंगाचा निघतो. तो क्षण मला फार आवडतो.

मग खरे काम. दगड सपाट करायचा. पथरी मधे खोलगट असली तर रंध्याच्या पात्याची धार सरळ येत नाही, कमानीसारखी येते, आणि मग रंधा फळीच्या मधेच लाकूड खातो. म्हणून जाड काचेवर पॉलिशपेपर पसरायचा, पाणी सोडायचे, दगडावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा मारायच्या आणि घासू लागायचे. आधी कडेच्या रेघा जातात. खळग्यातल्या रेघा शेवटपर्यंत राहतात. शेवटची रेघ गेली की दगड सपाट झाला असे समजावे. यात बुद्धीचे काम काही नाही. खांदे तेवढे शाबूत हवेत.

आमच्याकडे पथऱ्या इतक्या झिजतात याला सागवानही कारण आहे. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूचेच द्रव्य. पटाशीला वाटते आपण लाकूड कापतो आहोत; प्रत्यक्षात ती थोडी थोडी वाळूही कापत असते. आणि सिंदीत लाकडाला एक वेगळाच मान आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी लहान मुलांसाठी तो १८०६ साली सुरू केला असे सांगतात. त्या दिवशी पोरे चाकांचे लाकडी बैल सजवून ओढत आणतात. कुणाचा बैल मुठीत मावेल एवढा, तर कुणाचा मालकापेक्षा उंच. मग घरोघर जाऊन बोजारा मागायचा. सिंदीचा तान्हा पोळा पाहायला दुरून माणसे येतात.

असे बैल घडवणारे एक म्हातारे सुतार आमच्या आळीच्या टोकाला राहत. ते डावखुरे होते. बैलाचे वशिंड कोरताना त्यांचा डावा हात असा फिरे की पाहणाऱ्या पोरांची शाळेची घंटा चुकावी. ते गेले. मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर जातो; त्याने हा धंदा धरला नाही, आणि धरायला हवा होता असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्यांच्यामागे दोनेक वर्षांनी एका भंगाराच्या ढिगात मला एक पथरी दिसली. तिचा खळगा मधोमध नव्हता, एका अंगाला कललेला होता. असा खळगा डाव्या हाताचाच. पटाश्या केव्हाच किलोच्या भावाने गेल्या होत्या.

मी ती घरी आणली, न्हाऊ घातली, रेघा मारल्या आणि दहावीस वेळा घासली. कडा स्वच्छ झाल्या. खळगा रेघांनी भरलेला तसाच राहिला. तिथे माझा हात थांबला. एका माणसाच्या हाताची एवढीच खूण उरलेली, आणि ती मीच पुसायची? न पुसावी तर पथरी कामाची नाही. पुसावी तर ती त्यांची राहत नाही. आठ दिवस ती तशीच काचेवर पडून होती. शेवटी मुलाच्या सुट्टीचा दिवस पाहून मी पथरी पिशवीत घातली आणि त्याच्या घरी गेलो.

त्याने ती हातात घेताच ओळखली. "हा तं बाबाचा गोटा! तुमाले कुठं भेटला गुरुजी?" मी सांगितले आणि विचारले, घासू का? तो हसला. "घासा नं! त्यात काय इचारता? बाबा सोता दर साली पोळ्याच्या आंधी घासत होते. फरशीवर रेती टाकत, आमी पाणी सोडत होतो. म्हनत, पथरीले खड्डा पडला का बैलाचा पाय लंगडते." मग दोन बोटे आडवी धरून म्हणाला, "मी लहान होतो तवा हा एवढा जाड होता."

पिशवीतल्या दगडाची जाडी आता त्याच्या निम्मीही नव्हती. म्हणजे तो खळगा होता शेवटच्या पोळ्यापासून हात थांबेपर्यंतच्या कामाचा. आधीच्या प्रत्येक वर्षाचा खळगा त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला होता. त्यांचे आयुष्यभराचे काम खळग्यात नव्हतेच. दगडाचा जो भाग आता उरला नव्हता, त्यात ते होते. आणि तो भाग कुणाला पुसता येणार नव्हता. माझा हात मोकळा झाला.

त्यांच्याच अंगणात, त्याच फरशीवर आम्ही ती घासली. मुलाने पाणी सोडले, त्याची लहान मुलगी रेतीत हात घालून बसली. तेवढ्यात आतून वहिनी विळी घेऊन आल्या. "गुरुजी, हे गेल्यापासून हिला कोनी हात लावला नाही," एवढेच म्हणाल्या आणि विळी पुढे ठेवून आत गेल्या. मुलाने पाते पथरीवर धरले. आधी त्याचा हात अडखळला, मग आवाज एकसारखा येऊ लागला. तो उजव्या हाताने घासत होता. आता खळगा पडलाच तर तो दुसऱ्या अंगाला पडेल.

पथरी मी तिथेच ठेवून आलो. तेव्हापासून मी एक नियम केला आहे. दगड नीट झाला की तो ज्याच्या घरी पाते आहे त्याला द्यायचा. संग्रह त्यामुळे रोडावत चालला आहे, आणि घरात याबद्दल दुःख कुणालाच नाही. परवा त्या घरून दिवाळीच्या फराळाचा डबा आला. चिवड्यातले खोबऱ्याचे काप इतके पातळ होते की उजेडात धरले तर पलीकडचे दिसावे.